मी, मागची अर्धी गाय

मी गाय बोलतेय. अख्खी नव्हे, अर्धी. आणि त्यातही मागची अर्धी. तोंड नसताना बोलते कुठून, असं तुम्ही विचाराल. कृपा करून विचारू नका. बोलायला मला जी बाजू आहे, ती चारचौघांत सांगण्यासारखी नाही.

एखाद्या गोष्टीला ताळमेळ नसला की लोक म्हणतात, ना शेंडा ना बुडखा. माझं तसं नाही. मला बुडखा आहे आणि चांगला भक्कम आहे, शेंडा तेवढा नाही. बरगड्यांपाशी मी एकदम संपते. तिथे मोठं भगदाड आहे, भोवती लोखंडी चौकट आणि खाली टेकायला लोखंडी स्टँड. बिनडोक म्हणून मला कुणी हिणवलं, तर वाद घालायचीही सोय नाही. बिचारा खरंच बोलत असतो.

माझा जन्म ज्या कारखान्यात झाला, तिथे कपड्यांच्या दुकानातले पुतळे आणि बागेतल्या घसरगुंड्या बनायच्या. गायीची मागणी त्यांना पहिल्यांदाच आलेली. कारागिराने मन लावून काम केलं, पण हाताची सवय जाते कुठे? माझ्या कमरेला असा काही बाक आला, की एखाद्या दुकानाच्या काचेत मी शोभून दिसले असते. आतला मार्ग मात्र घसरगुंडीसारखा गुळगुळीत. मला उतरवून घ्यायला आलेले मास्तर बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, गाय छान आहे, फक्त नटूनथटून निघालीय कुठे तेवढं विचारा.

मास्तर म्हणजे निवृत्त झालेले जनावरांचे डॉक्टर. जनावरांच्या डॉक्टरांसाठी जे उजळणी केंद्र आहे, तिथे ते शिकवायचे. अडलेली गाय कशी सोडवायची, हे हातांना शिकवण्यासाठी मला आणलं होतं. माझ्या पोटात ताडपत्रीची पिशवी, त्या पिशवीत कापडाचं वासरू. त्याचं नाव बाळ्या. मास्तर बाळ्याला कधी मान वळवून ठेवायचे, कधी एक पाय दुमडून, कधी उलटा. डॉक्टरांनी खांद्यापर्यंत हातमोजा चढवून हात आत घालायचा, न बघता ओळखायचं, सरळ करायचं आणि ओढून बाहेर काढायचं. माझ्याइतकी बाळंतपणं जगात कुणाची झाली नसतील, आणि तीही एकाच वासराची.

मला सगळे मावशी म्हणायचे. परक्या बाईच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालायचा, तर काहीतरी नातं जोडलेलं बरं, असं त्यांना वाटत असावं. आणि मला तोरा किती! पदव्या घेतलेली, स्वतःचे दवाखाने असलेली माणसं माझ्यामागे रांग लावून उभी राहायची. आपण नसतो तर जगातली गुरं अडूनच राहिली असती, असं मला मनापासून वाटायचं. डोकं नसलं की गर्वाला जागा भरपूर मिळते.

या मंडळींची आणखी एक गंमत सांगते. विद्या शिळी होते, औषधं बदलतात, म्हणून दर काही वर्षांनी त्यांना इथे येऊन वर्ग करावे लागतात. वर्गाचे गुण जमले नाहीत तर नोंदणी पुढे चालत नाही. त्यामुळे ज्ञानाची तहान कमी आणि गुणांची भूक जास्त, असेही पुष्कळ येतात. सकाळी सही करून चहाला जे जातात, ते थेट जेवणाच्या रांगेत दिसतात. काही जण शेवटच्या बाकावर डोळे मिटून मनन करतात आणि मनन करताना घोरतात. प्रश्नांच्या वेळी एक जण हमखास उठून म्हणतो, प्रश्न नाही, एक अनुभव सांगतो. त्याचा अनुभव संपेपर्यंत चहा गार होतो. फुकट मिळणारा पेन ड्राइव्ह मात्र कुणी विसरत नाही. त्यात मोठमोठी पुस्तकं भरलेली असतात, आणि घरी गेल्यावर ती पुसून सिनेमे भरतात, असं मास्तर म्हणायचे.

माझ्याबरोबर फोटो तर सगळेच काढतात. हात माझ्या पोटात, चेहरा गंभीर. घरच्यांना वाटतं, उरलेली गाय फोटोच्या बाहेर असेल. मला अख्खी समजणारे तेवढेच, म्हणून त्या घरच्यांवर माझा फार जीव आहे.

अशाच एका वर्गाला ती आली. ठेंगणी, चष्मा लावणारी, हात आखूड. नवराही बरोबर. दोघेही जनावरांचे डॉक्टर, कॉलेजात एकाच वर्गात होते, त्यामुळे एकमेकांना अरे-तुरे करायचे. दवाखाना एकच, पण वाटणी लग्नाइतकी जुनी. गुरं त्याची, कुत्री-मांजरं तिची. मग एका गायीने त्याला गोठ्याच्या भिंतीवर असं दाबलं, की त्याचा उजवा खांदा कायमचा गेला. शस्त्रक्रिया झाली, पण हात छातीच्या वर जाईना. त्या भागात गुरांचा दुसरा डॉक्टर नव्हता. त्याने तर ठरवूनच टाकलं होतं की जीप विकायची आणि गुरांच्या औषधांच्या खोलीत कुत्र्यांचे शाम्पू नि पट्टे विकायला ठेवायचे.

ती म्हणाली, मी शिकते गुरांचं. तो म्हणाला, मांजराच्या कानात थेंब सोडणं वेगळं आणि अडलेली गाय सोडवणं वेगळं. बरीच भांडाभांडी होऊन शेवटी असं ठरलं, की या वर्गात ती पास झाली तर जीप राहील, नापास झाली तर जीप जाईल. तिची फी भरून तोही गळ्यातल्या झोळीत हात अडकवून आला, नुसता बघायला म्हणून. आणि मी तर नुसती बघणाऱ्या माणसांना चांगली ओळखते. ती कधीच नुसती बघत नाहीत.

पहिल्या दिवशी तिने माझ्यात हात घातला, तेव्हा हात पुरेना म्हणून तिचा गाल माझ्या कमरेवर दाबला गेला. मला संकोच वाटला, पण तिला नाही वाटला. एक पाय हाताला लागल्यावर ती म्हणाली, मागचा पाय. मागच्या बाकावरून नवऱ्याचा उसासा सगळ्या हॉलला ऐकू गेला. मास्तरांनी समजावलं, दोन सांधे एकाच बाजूला वळले तर पुढचा पाय, उलटसुलट वळले तर मागचा. मग तिने बाळ्याच्या पायांना दोऱ्या बांधल्या आणि सगळे ओढतात तशी ओढायला लागली. दात-ओठ खाऊन, श्वास न घेता, सलग. बाळ्या घसरगुंडीवरून यावा तसा सुटला आणि ती हात सरकण्यासाठी वापरलेल्या साबणाच्या पाण्यात उताणी पडली, छातीवर बाळ्या. हॉल हसला. नवरा तेवढा हसला नाही.

तो उठून पुढे आला आणि म्हणाला, असं ओढलंस तर गाय फाटेल. मास्तर म्हणाले, ही फाटत नाही हो. तो म्हणाला, "तेच तर. ही फाटतही नाही आणि कळही देत नाही."

इथे मला जमिनीने पोटात घ्यावं असं झालं. खरी गाय विताना थांबून थांबून कळा देते. कळ आली की ती जोर करते, तेव्हा आपण ओढायचं. कळ ओसरली की आपणही थांबायचं, तिला दम घेऊ द्यायचा. मधेच ओढत राहिलं तर गाय जाते नाहीतर वासरू जातं. हे मास्तर दर वर्गाला सांगायचे, पुस्तकातही होतं. पण माझ्यापाशी आलं की सगळे विसरायचे, कारण मी ढिम्म. मला कळ कुठून येणार? त्यामुळे जो सगळ्यात भराभर ओढेल, तो माझ्या वर्गात हुशार ठरायचा. मी स्वतःला गुरू समजत होते आणि शिकवत होते काय, तर दांडगाई. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार!

त्या दिवशी वर्ग सुटल्यावर बाकीचे फिरायला गेले आणि ती सरावाला थांबली. नवरा थोडा वेळ येरझाऱ्या घालत राहिला. मग त्याने एक स्टूल ओढलं आणि माझ्या भगदाडापाशी, म्हणजे जिथे माझं पुढचं अंग असायला हवं होतं तिथे, ठाण मांडून बसला. बरा हात माझ्या चौकटीवर टाकला, गुडघा ताडपत्रीच्या पिशवीला लावला आणि म्हणाला, मी कळ देतो, तू बघ.

आणि तो हंबरला. पोटातून, खोल, कण्हल्यासारखा. त्याबरोबर गुडघ्याने पिशवी दाबली. बाळ्या पुढे सरकला. तिने ओढलं. तो गप्प झाला, पिशवी सैल पडली, ती थांबली. पुन्हा हंबरला, पुन्हा ओढलं. इतकी वर्षं मी पुढच्या भागाची स्वप्नं बघितली होती. त्यात टपोरे डोळे होते, सुबक शिंगं होती. मिळालं ते टक्कल, जाड भिंगं आणि झोळीतला हात. पण मी तक्रार केली नाही, भागलं की झालं.

रोज संध्याकाळी हे चालायचं. भांडणं तर विचारू नका. तो कण्हता कण्हता सूचना द्यायचा, आधी वासराला मागे ढकल, जागा कर, मग मान वळव. ती म्हणायची, तू गाय आहेस ना, मग गप्प बस, गाय सूचना देत नाही. एकदा मात्र तो कळ द्यायचीच थांबला. ती कोपराच्याही वरपर्यंत माझ्यात अडकलेली, घामाघूम. तो माझ्या पाठीवर हनुवटी टेकून म्हणाला, "मी आता निम्माच डॉक्टर राहिलोय गं."

तिला हात बाहेर काढता येईना आणि त्याच्याकडे वळूनही बघता येईना. माझ्या दोन्ही टोकांना दोघे, मधे मी. ती म्हणाली, "निम्मा तर निम्मा. जोर कर."

त्याने जोर केला. मला तेव्हा रडायला आलं होतं, पण त्याची सोय कारागिराने केलेली नव्हती.

परीक्षेला बाहेरून एक साहेब आले. टाय लावलेले, गळ्यात सेकंद मोजायचं घड्याळ. माणूस वाईट नव्हता, पण नियम म्हणजे नियम. ठरलेल्या वेळेत वासरू बाहेर आलं पाहिजे आणि वर्गातल्यांशिवाय कुणी आत थांबायचं नाही. नवऱ्याला व्हरांड्यात पाठवलं. बाकीच्यांनी नेहमीच्या पद्धतीने भराभर ओढून बाळ्याला जन्म दिला, एकाने तर तो भिंतीपर्यंत उडवला. सगळे पास.

मग ती आली. बाळ्याची मान मागे वळवून ठेवलेली, सगळ्यात अवघड प्रकार. तिने आधी त्याला मागे ढकललं, आखूड हाताने बोटं ताणताणून जबडा धरला, मान सरळ केली, दोऱ्या लावल्या. सुरेख काम झालं. सगळ्यांपेक्षा कमी वेळात ती तिथवर पोचली होती. आणि मग ती थांबली. एक हात दोरीवर, दुसरा माझ्या पाठीवर ठेवून शांत उभी राहिली.

हॉलमध्ये कुणाला काही कळेना, पण मी समजले. ती माझ्या कळेची वाट बघत होती. सवय झाली होती तिला. माझ्या पोटात गोळाच यायचा, पण तिथे आधीच बाळ्या होता. मी म्हटलं, देवा, आयुष्यात एकदा, एकच कळ दे. सगळं बळ लावलं. शेपटीला एक जुना तडा होता, तो तरी करकरावा ना? तोही हलला नाही.

साहेब म्हणाले, "बाई, पुढचं विसरलात का?"

"नाही," ती म्हणाली, "कळेची वाट बघतेय."

हॉल हसायला लागला. साहेबांनी माझ्याकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं. ही गाय फायबरची आहे, असं ते हळूच म्हणाले, तेव्हा कुठे ती भानावर आली आणि कानापर्यंत लाल झाली. तेवढ्यात व्हरांड्यातून हंबरण्याचा आवाज आला. दाराला कान लावून बसलेल्या माणसाला राहवलं नव्हतं. त्या आवाजासरशी तिचे हात आपोआप ओढायला लागले. आवाज थांबला, ती थांबली. दुसऱ्या हंबरण्याला बाळ्या बाहेर आला आणि तिने त्याला दोन्ही हातांनी अलगद जमिनीवर ठेवलं. त्याला असं कुणी कधी ठेवलं नव्हतं. पण वेळ टळून गेली होती आणि वर बाहेरची मदत. साहेबांनी तिला नापास केलं.

व्हरांड्यातलं भांडण मला स्पष्ट ऐकू आलं. ती म्हणत होती, तू हंबरलास म्हणून मी नापास झाले. तो म्हणत होता, तू थांबलीस म्हणून मी हंबरलो. ठरल्याप्रमाणे आता जीप विकायची, एवढंच तो शेवटी म्हणाला.

पुढच्या वर्गाला ती फेरपरीक्षेला येईल, असं मला वाटलं नव्हतं. पण आली. तोही आला. आल्या आल्या तिने मास्तरांना जे सांगितलं, ते मी कान नसताना कान देऊन ऐकलं.

जीप बघायला आलेलं गिऱ्हाईक आत मागे बसून बघत होतं, चावी त्याच्या हातात द्यायची एवढंच बाकी. तेवढ्यात निरोप आला, एक पहिलारू गाय सकाळपासून अडलीय. नवरा म्हणाला, मोठ्या दवाखान्यात न्यायला सांग. गायीच्या घरचे म्हणाले, गाय उठतच नाही, नेणार कशी? तेव्हा तिने नवऱ्याच्या हातातून चावी घेतली. गिऱ्हाइकाला खाली उतरायलाही वेळ मिळाला नाही, तो तसाच मागे बसून गोठ्यावर पोचला आणि तिथे त्याला गायीचं शेपूट धरायला लावलं. घरचे चौघे भाऊ दोरी धरून ओढायच्या तयारीत होते. तिने त्यांना दोरी सोडायला लावली. ते नवऱ्याकडे बघायला लागले, नेहमीचे डॉक्टर तेच ना. तो म्हणाला, "माझ्याकडे बघू नका. डॉक्टर त्या आहेत."

मान मागे वळलेली होती, अगदी बाळ्यासारखी. तिने ढकललं, वळवलं, दोऱ्या लावल्या आणि गायीच्या पाठीवर हात ठेवून थांबली. भाऊ चुळबुळ करायला लागले. आणि मग हाताखाली ती पाठ ताठ झाली. गायीच्या डोक्यापाशी बसलेला नवरा सवयीने गायीबरोबरच हंबरला, तशी घरच्या म्हातारीने घाबरून त्याला पाणी आणून दिलं. वासरू जिवंत निघालं, गायही संध्याकाळी उभी राहिली.

हे सांगताना ती हसत होती आणि मधेच रडायला लागली. "मास्तर, गाय स्वतः मदत करते हो. मला वाटत होतं, सगळं आपणच ओढायचं असतं."

मास्तरांनी चष्मा पुसला. मी मनातल्या मनात खूप शरमले, कारण हे मी तिला शिकवलेलं नव्हतं. ते माझ्या भगदाडात बसलेल्या त्या टकल्याने शिकवलं होतं.

फेरपरीक्षेला तेच साहेब. तिने मान सरळ केली, दोऱ्या लावल्या आणि या वेळी पूर्ण भानावर राहून, जाणूनबुजून थांबली. म्हणाली, साहेब, कळ आल्याशिवाय मी ओढणार नाही, वाटलं तर पुन्हा नापास करा. साहेबांनी मास्तरांकडे बघितलं. मास्तर छताकडे बघत होते. मग साहेबांनी गळ्यातलं घड्याळ काढून खिशात टाकलं, टाय खांद्यावर टाकला आणि स्टुलावर येऊन बसले. गुडघा कुठे लावायचा ते विचारलं आणि हंबरले. माझ्या पुढच्या भागांपैकी इतका सभ्य भाग दुसरा झाला नाही. कण्हायच्या आधी ते घसा साफ करायचे. ती पास झाली.

तेव्हापासून नियमच झाला की एकाने ओढायचं आणि एकाने माझ्या पुढे बसून कळ द्यायची. मोठमोठे डॉक्टर माझं तोंड झाले. ज्याला अनुभव सांगायची हौस, त्यालाच मास्तर मुद्दाम तिथे बसवायचे, म्हणजे निदान तेवढा वेळ तो नुसता कण्हायचा.

पण माझे दिवस भरत आले होते. केंद्रात नवी गाय आली. अख्खी! डोळ्यांची उघडझाप करते, बटण दाबलं की कळ देते, पडद्यावर आकडे दाखवते. मी तिला नावं ठेवणार नाही. कळ देते म्हटल्यावर माझ्यापेक्षा ती शहाणीच. मला भंगारात काढलं, खुर्च्यांच्या ढिगामागे उभं केलं, आणि कुणीतरी माझ्या शेपटीला छत्री अडकवली.

तिथून मला न्यायला आली ती जीप. विकलेली नव्हतीच. ती चालवत होती, तो शेजारी बसलेला आणि मी मागे, बुडखा रस्त्याकडे करून. वाटेत लोक थांबून थांबून बघत होते. अर्धी गाय जीपमध्ये चढलीय आणि उरलेली कुठे गेली, असा प्रश्न त्यांना पडला असणार.

ज्या खोलीत शाम्पू विकायला ठेवणार होते, त्या खोलीत आता मी असते. सुट्टीच्या दिवशी आसपासचे डॉक्टर हात साफ करायला येतात. माझं फायबर भेगाळलंय, बाळ्याचा एक कान बोळ्याने खाल्लाय. बोळ्या म्हणजे तिच्याकडे आलेलं एक दात नसलेलं मांजर, त्याने तो कसा खाल्ला हे आम्हाला अजून कळलेलं नाही. माझं मागणं फार नाही. कधी या बाजूला आलात तर बिनधास्त हात घाला, मी मावशी आहे. फक्त ओढायच्या आधी थोडं थांबा.

ती मागे उभी राहून नव्या डॉक्टरांच्या हातांकडे बघते. तो स्टूल घेऊन माझ्या भगदाडापाशी येतो. खांदा अजून तसाच आहे, बरा होणारही नाही. बरा हात माझ्या चौकटीवर टाकतो, गुडघा पिशवीला लावतो, चष्मा नीट करतो आणि म्हणतो, "चला, आम्ही तयार आहोत."

आम्ही म्हणतो तो. मला डोकं नाही, पण एवढं समजतं.